ब्लॅककरंट म्हणजे मनुका नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वाइन कशी चाखावी यावर पाऊण पानाचा लेख आला, तो मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद वाटला. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते, आणि शनिवार-रविवारी तिथल्याच टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन ओतून देते. त्यामुळे लेखातल्या दोन शब्दांवर माझी नजर अडली. कॅबर्ने सोविन्यो या लाल वाइनला ‘काळ्या मनुकांचा’ वास असतो आणि सोविन्यो ब्लां या पांढऱ्या वाइनला ‘आवळ्याचा’, असं त्यात लिहिलं आहे. हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. त्या चुकीने काय होतं ते मी पुढच्याच शनिवारी पाहिलं, म्हणून हे पत्र.

सिन्नरहून एक तरुण आला होता. वय बावीस-तेवीस असेल. लेखाचं कात्रण घडी करून खिशात आणलेलं. त्याने कॅबर्ने मागितली, पेल्यात नाक घातलं, कात्रण वाचलं, पुन्हा नाक घातलं. असं चार-पाच वेळा झाल्यावर तो हळूच म्हणाला, “ताई, मला मनुके काही येत नाहीत. माझं नाकच तसलं असेल.” आणि पेला खाली ठेवला.

त्याचं नाक उत्तम होतं. त्या वाइनमध्ये मनुका नव्हताच. मूळ इंग्रजी शब्द ब्लॅककरंट. हे युरोपातल्या एका झुडपाचं छोटं, काळं, आंबट फळ. द्राक्षाशी त्याचं काही नातं नाही. आपला मनुका म्हणजे वाळवलेलं द्राक्ष. नावात ‘करंट’ दिसला की आपल्याकडे मनुका लिहून मोकळं व्हायची सवय झाली आहे. पण वाइनच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. लाल वाइनला खरोखर मनुकांचा वास आला तर आम्ही प्रयोगशाळेत कान टवकारतो. द्राक्षं वेलीवर जास्त पिकून सुकली का, बाटल्या उन्हात राहिल्या का, हे तपासायला लागतो. म्हणजे चांगल्या कॅबर्नेची खूण म्हणून लेखाने वाचकाला जे शोधायला सांगितलं, ते सापडलं असतं तर बिघाडाची शंका घ्यावी लागली असती.

आवळ्याचंही तसंच. इंग्रजीतलं गूजबेरी हे ब्लॅककरंटच्याच कुळातलं हिरवट, केसाळ फळ. आपला आवळा वेगळ्या झाडाचा, वेगळ्या चवीचा. आवळ्याची ओळख त्याच्या तुरटपणात आहे, आणि सोविन्यो ब्लां तर तुरट जवळजवळ नसतेच. कारण पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं तोडली की लगेच दाबून रस वेगळा काढतात, साल-बिया त्यात भिजत नाहीत. लालमध्ये त्या कित्येक दिवस रसातच आंबतात. रंगही तिथूनच येतो आणि तुरटपणाही. ‘आवळा’ वाचून आलेला माणूस तुरटपणा शोधणार, आणि तोही पेला खाली ठेवणार.

त्या मुलाला मी प्रयोगशाळेत नेलं. आमच्या फ्रीजरमध्ये जूनमधल्या जांभळांचा सालीसकट गर आणि मे महिन्यातली पिकली करवंदं डब्यात भरून ठेवलेली असतात. शेजारी एक ढोबळी मिरची चिरली. तिन्हींचा वास घेऊन तो कॅबर्नेकडे परत गेला आणि पहिल्याच झटक्यात म्हणाला, “मिरची! आणि मागनं जांभूळ.” बरोबर. ढोबळी मिरचीच्या त्या हिरव्या वासाला कारण असलेलं पायराझिन जातीचं द्रव्य कॅबर्नेच्या द्राक्षातही असतं. लिटरभर पाण्यात त्याचे २ नॅनोग्रॅम मिसळले तरी माणसाच्या नाकाला ते कळू शकतं. घडांवर पानांची दाटी असेल, ऊन नीट पोचलं नसेल किंवा द्राक्षं लवकर तोडली असतील तर ते जास्त उरतं. म्हणजे सिन्नरच्या त्या मुलाने वास घेता घेता बागेतल्या पानांच्या विरळणीबद्दल काहीतरी सांगून टाकलं होतं. जांभळाचं मात्र साम्य आहे, तोच पदार्थ आहे असा माझा दावा नाही. पण जांभळाच्या सालीची ती गडद, किंचित तुरट गोडी कॅबर्नेच्या इतकी जवळ जाते की मला त्याहून चांगला शब्द आजवर मिळालेला नाही.

मी द्राक्षबागेत वाढले. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन एकर थॉमसन, म्हणजे खायच्या द्राक्षांची बाग होती. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी रोगाच्या भीतीने रात्री-अपरात्री फवारणीला उठणं, हे सगळं पाहिलेलं. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या भागातल्या पुष्कळांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली. दादांनीही एक एकर शिराझ लावली. पुढे मंदीत मागणी आटली तेव्हा शेजारच्या कितीतरी बागा उपटल्या गेल्या. दादांनी ती एकर ठेवली. वाइनचं द्राक्ष मी पहिल्यांदा तोंडात टाकलं ते तिथेच. खायच्या द्राक्षासारखं करकरीत नाही, बोराएवढंही नाही, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र जबरदस्त. थॉमसन १८ ब्रिक्सला (रसातली साखर मोजायचं माप) गोड लागतं, हे २३-२४ पर्यंत नेतात. जानेवारीत पहाटे नमुने गोळा करताना मी आजही साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या आधी बी चावून बघते. बी हिरवी आणि कडू लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन भाजल्या शेंगदाण्यासारखी कुडकुडली की तोडणीची तारीख काढायची.

हे सांगायचं कारण असं की चव ओळखायची भाषा माझ्याकडे वायनरीत येण्याआधीपासून होती. आपल्या सगळ्यांकडे असते. तुरट हा एकच शब्द घ्या. परदेशातून आलेले पाहुणे टॅनिनची, म्हणजे साल-बियांतल्या तुरट द्रव्याची, संवेदना समजवायला ‘फार वेळ उकळलेल्या चहासारखं’ अशी वळणं घेतात. आपल्याकडे षड्रसांत कषाय हा मानाचा रस आहे, आणि लहान मुलालाही तो ठाऊक असतो. शिवाय आपले तुरट एका जातीचे नाहीत. कच्च्या केळ्याचा राप जिभेवर चिकटून बसतो. सुपारीचा तुरटपणा गाल आत ओढतो. डाळिंबाच्या सालीचा कडवट असतो, जांभळाचा मऊ आणि लवकर निघून जाणारा. वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. बियांमधून आलेलं टॅनिन बहुधा सुपारीकडे झुकतं, पिकल्या सालीतून आलेलं जांभळाकडे. नवीन वाइनमेकर मुलं आमच्याकडे शिकायला येतात तेव्हा मी त्यांना ‘टॅनिन मीडियम प्लस’ असं नुसतं लिहू देत नाही. सुपारी की जांभूळ, ते आधी सांगा म्हणते.

आंबटाचं तर याहून सुंदर आहे. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. तेव्हा कुणी पांढऱ्या वाइनला ‘चिंचेसारखी आंबट’ म्हणालं तर त्याला गावंढळ समजू नये, त्याने रसायन अचूक सांगितलं आहे. गार केलेल्या बाटलीच्या तळाशी कधीकधी बारीक खडे दिसतात, लोक काच समजून घाबरतात. ते त्याच आम्लाचे क्षार असतात. मी एक खडा बोटावर घेऊन चाखायला देते, आणि चिंच तोंडात आल्यासारखे चेहरे होतात. द्राक्षातलं दुसरं आम्ल मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. बहुतेक लाल वाइनमध्ये आंबवण झाल्यावर जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातलं. करकरीत आंबट जाऊन ताकाचा मवाळ आंबट येतो, आणि सोबत कधी लोण्याचा वास. विरजण लावणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, नुसतं ‘ताक शोधा’ म्हटलं की पुरतं.

लेखात ‘ड्राय’चं ‘कोरडी वाइन’ केलं आहे, तेही जाता जाता सांगते. त्याचा अर्थ साखर न उरलेली. मी ‘अगोड’ म्हणते. ‘लाँग फिनिश’साठी तर आपला शब्द किती वर्षं वापरात आहे. चव जिभेवर रेंगाळते.

आता ज्या गोष्टीमुळे मला या विषयाबद्दल मनापासून बोलावंसं वाटतं ती सांगते. माझ्या सासूबाई माळकरी आहेत. आषाढीची वारी चुकवत नाहीत, आणि वाइनचा थेंब त्यांनी कधी ओठाला लावलेला नाही, लावणारही नाहीत. माझ्या कामाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही, पण बाटली घरात आणायची नाही हा आमचा अलिखित नियम मी पाळते. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शिराझच्या नमुन्यावर आम्ही अडलो होतो. मिरीसारखा वास होता, पण नुसता मिरीचा नव्हे. ओल्या लाकडासारखं, मातीसारखं काहीतरी त्यात होतं, आणि शब्द सापडत नव्हता. नमुन्याची छोटी कुपी माझ्या पिशवीत राहून घरी आली. ओट्यावर बसून मी पुन्हा वास घेत होते. सासूबाई दिवाळीसाठी शिकेकाई निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “बघू इकडं. वास घेतल्यानं काय माळ तुटत नाही.” मी कुपी लांबूनच धरली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर नागरमोथ्यावानी येतंय. उटण्यातल्या.”

उटणं त्या घरीच करतात. नागरमोथा, वाळा, गवला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल, सगळं उन्हात खडखडीत करून कुटतात आणि वस्त्रगाळ करतात. त्यांचं नाक त्या डब्यांवर तयार झालेलं. मी आतून नागरमोथा आणला, दोन गाठी ठेचल्या आणि आळीपाळीने वास घेतला. अंगावर काटा आला.

शिराझमधला मिरीचा वास कशामुळे येतो हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं. काळ्या मिरीतही तेच द्रव्य सापडलं. त्याचं नाव रोटंडोन. हे नाव आलं सायपरस रोटुंडसवरून, म्हणजे आपल्या नागरमोथ्याच्या शास्त्रीय नावावरून. कारण नागरमोथ्याच्या तेलातून ते आधीच वेगळं काढलेलं होतं, आणि तेही कुठे, तर पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं होतं. सासूबाईंनी नेमका तोच रेणू पकडला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, नागरमोथ्याच्या वासात पुष्कळ काही असतं. पण ज्या दिशेला आम्ही पदव्या घेतलेली चार माणसं आठवडाभर पोचलो नाही, तिथे त्या एका श्वासात पोचल्या. आमच्या नोंदवहीत त्या नमुन्यापुढे ‘नागरमोथा, उटणं’ असं मराठीत लिहिलेलं आजही आहे. आणखी एक, ऑस्ट्रेलियातल्या त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास भरपूर मात्रेतही आला नाही. तेव्हा शेजाऱ्याला जे येतं ते आपल्याला न येणं यात कमीपणा काही नाही.

लेखात वाइनमधल्या वासांची नावं गोलात मांडलेल्या एका चाकाचं चित्र छापलं होतं. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांच्या कामातून १९८४ च्या सुमारास पुढे आलं, आणि माझ्या मते फार मोलाचं आहे. त्याचं मोल कशात आहे हे मात्र लेखात आलं नाही. नोबल यांचा आग्रह असा की ‘भव्य’, ‘उमदी’, ‘डौलदार’ असले शब्द टाकून द्या, कारण ते दुसऱ्याला तपासून पाहता येत नाहीत. साध्या वाइनमध्ये खरा पदार्थ थोडासा घालून त्याचा वास घ्या, आणि मग नाव द्या. त्या चाकावर डबाबंद ॲस्परॅगस आहे, आर्टिचोक आहे, कारण तिथल्या लोकांच्या फडताळात ते होतं. चाक जसंच्या तसं भाषांतरित करून छापणं म्हणजे त्यांची पद्धत सोडून त्यांचं फडताळ तेवढं उचलणं. आपण पद्धत घ्यावी. घरी हे कुणालाही करता येतं. स्वस्तातली पांढरी वाइन चार पेल्यांत थोडी थोडी ओता. एकात पिकत आलेल्या पेरूची फोड, एकात वेलची केळ्याची चकती, एकात ढोबळीचा तुकडा टाका, एक तसाच ठेवा. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग चांगली सोविन्यो ब्लां उघडा. पेरू तुम्हाला त्यात आपणहून भेटेल. गंमत म्हणजे द्राक्षाच्या रसात हा वास फारसा नसतो. त्याचे रेणू रसात बांधलेले असतात, आंबवताना यीस्ट त्यांना मोकळं करतं. केळ्याचा वास तर यीस्टच तयार करतं, गार टाकीत आंबवलेल्या ताज्या शेनिन ब्लांमध्ये तो हमखास असतो आणि वर्षभरात ओसरत जातो.

रंगाबद्दल एक सावधगिरी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवूनही दिली. रंगवलेल्या पेल्याचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांनी केलं. ते निष्काळजी नव्हते, डोळा नाकाच्या आधी बोलतो एवढंच. आमच्याकडे मी यासाठी स्टीलचे पेले वापरते. रंग दिसत नाही, आणि लोक पहिल्यांदा खरोखर वास घेतात.

बाकी कृतीबद्दल लेखात ठीक लिहिलं आहे, दोन ठिकाणं सोडून. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला गार देशांतल्या खोल्यांचा आहे. एप्रिलात आमच्या स्वयंपाकघरात ३६ अंश असतात, तेव्हा तिथे दारूचा दर्प सोडून काही येणार नाही. फ्रीजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांना आणा. आणि घोट तोंडात घेऊन ‘हवा आत ओढावी’ हे समजवायला लेखिकेने सहा ओळी खर्च केल्या आहेत. मराठीत त्याला भुरका म्हणतात. बशीतला चहा पिताना आजोबा मारायचे तोच. त्याने वास घशामागून नाकात चढतो. चवीतला मोठा वाटा तिथूनच येतो.

बिघाड ओळखण्यात तर आपली भाषा फार पुढे आहे, त्यावर लेखात एक ओळही नाही. बुचाच्या दोषाने नासलेली वाइन कुबट येते, पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या कपड्यांसारखी किंवा भिजल्या पुठ्ठ्यासारखी. असा वास आला की बाटली परत करावी, संकोच करू नये. पहिल्या पावसाचा मृद्गंध आपल्याला किती प्रिय, पण त्यातलं जिओस्मिन वाइनमध्ये उतरलं तर तो दोष धरतात, कारण ते बुरशी लागलेल्या घडांतून आलेलं असू शकतं. कुबट, खवट, आंबूस, करपट, धुरकट, उग्र, दर्प. इतके नेमके शब्द रोज स्वयंपाकघरात वापरणाऱ्या माणसाला वाइनपुढे मुकं व्हावं लागू नये.

माझी विनंती एवढीच. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी. ब्लॅककरंट आणि गूजबेरी ही फळं आपल्याकडे नाहीत, ती नावं तशीच ठेवावीत किंवा जांभूळ, करवंद, पेरू, ढोबळी असं जे खरोखर येतं ते लिहावं. आणि पुढचा लेख कराल तेव्हा लेखिकेला आमच्याकडे अवश्य पाठवा. सध्या तोडणी चालू आहे, शिराझ अजून वेलीवर आहे, मार्चअखेर नवी वाइन टाकीतून पिंपात जाईल. त्याआधी एक कुपी ओट्यावर न्यायची आहे. सासूबाईंनी नागरमोथा उन्हात घालून ठेवला आहे.

आपली,
एक वाचक
दिंडोरी, जि. नाशिक